शेजारच्या सीटची किंमत

आमच्या घरात विमानाची तिकिटं काढायचं खातं माझ्याकडे आहे. सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि सुट्टीत हमखास सामील होणारी नणंद-मंडळी, असा लवाजमा पुण्याहून दिल्लीला दिरांकडे न्यायचा म्हणजे तिकिटांपेक्षा सीटचीच डोकेदुखी जास्त. कोण कोणाच्या शेजारी बसणार, हे आता वेगळं विकायला ठेवलेलं असतं. त्या बाजारात वावरून जे कळलं, ते सांगते.

१. ज्यांना एकत्र बसायचंय त्यांचा पीएनआर एकच हवा. नणंदेचं म्हणणं, दोन-दोनची तिकिटं वेगळी काढली की स्वस्त पडतात. ते खोटं नाही. सगळ्यात कमी दराची चारच तिकिटं उरली असतील आणि आपण सहा मागितली, तर सहाही जणांना वरचा दर लागतो. पण तुकडे केले की कंपनीच्या संगणकाच्या लेखी आपण एका घरचे उरत नाही. तुकडे करायचेच तर मूल आणि त्याची आई किंवा बाबा एका तुकड्यात ठेवावेत. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना बजावलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकासोबत जागा द्यायला हवी. त्यातलं ‘किमान एका’ विसरू नये. आई मुलापाशी आणि बाबा सत्ताविसाव्या रांगेत, ही व्यवस्था नियमात चोख बसते.

२. फुकटात मिळते ती बहुधा मधली सीट. आपल्याकडच्या बहुतेक विमानांत वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेच्या, बी आणि ई मधल्या. पैसे भरणारे कडेच्या उचलतात आणि मागे विमानभर विखुरलेल्या बी-ई उरतात. त्यामुळे पैसे न भरलेलं कुटुंब ११बी, १९ई, २४बी असं पेरलं जातं. यात निव्वळ योगायोग असतो असं मला वाटत नाही. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने २०१८ मध्ये प्रवाशांची पाहणी जाहीर केली, तेव्हा पैसे न भरता वेगळं बसावं लागण्याचं प्रमाण कंपनीगणिक बरंच वेगळं निघालं. म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवणं संगणकाला जमतं; जमवायचं का, हे कंपनी ठरवते.

३. वेब चेक-इन देशांतर्गत प्रवासाला बहुतेक ठिकाणी ४८ तास आधी उघडतं. उघडल्या उघडल्या बघावं, पण स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसले म्हणून लगेच कार्ड काढू नये. इंडिगोने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेब चेक-इनला सगळ्याच सीटना पैसे पडतील असं जाहीर केलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्याच घोषणेत विमानतळावरचं चेक-इन फुकट आहे, हेही लिहिलेलं होतं. ते फार थोड्यांनी वाचलं. काउंटरवरच्या माणसाच्या हातात काही सीट राखून ठेवलेल्या असू शकतात. लवकर गेलं, आवाज चढवला नाही आणि सासूबाईंना पुढे उभं केलं, तर त्यातल्या निघतातही. भरवसा मात्र धरू नये.

४. पैसे भरण्याआधी घरात विचारावं: कोणाला कोणाशेजारी खरंच बसायचंय? सहाही जण एका ओळीत, हे चित्र फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात आमचे हे विमान धावपट्टीवर यायच्या आत झोपतात; ते माझ्या शेजारी घोरले काय किंवा बाविसाव्या रांगेत घोरले काय, फरक शून्य. मोठ्या मुलाला खिडकी हवी असते आणि आईबाप शक्य तितके लांब. धाकटीची सोय नियम करतो. उरल्या सासूबाई. त्यांना पट्ट्याचं बकल उघडता येत नाही, घोषणा ऐकू येत नाहीत, आणि बाथरूमला जाताना हात लागतो. त्यांना आइल आणि त्यांच्या शेजारची माझी मधली, एवढ्या दोनच सीटचे पैसे मी भरते. बाकीचे दैवाधीन.

अर्थात याही हिशेबाला सासूबाई कधी सुरुंग लावतील सांगता येत नाही. एकदा ऐन वेळी विमान बदललं आणि आम्ही दोघी चार रांगा लांब पडलो. मी सारखी मान वळवून मागे बघतेय, तर त्या शेजारच्या गृहस्थांशी गप्पांत दंग. उतरल्यावर म्हणाल्या, “अगं, ते मूळचे कोल्हापूरचे. मुलीचं लग्न जमवताहेत. पत्रिका पाठवते म्हणालेय मी.” मी म्हटलं, “आई, पण कोणाची?” तर म्हणे, “बघू की कोणाची ते!” नंतर विमान कंपनीकडून भरलेल्या सीटचे पैसे परत मागायचं कामही माझ्याचकडे आलं. त्यासाठी पावती जपून ठेवावी. विमान बदललं की सीट बदलते आणि परतावा मागितल्याशिवाय क्वचितच येतो.

५. अदलाबदल मागायची तर बरोबरीची किंवा वरचढ सीट देऊ करावी. आइलच्या बदल्यात आइल, मधलीच्या बदल्यात खिडकी. खिडकीचे पैसे भरलेल्या पोराला “बेटा, जरा त्या मधल्या सीटवर बसतोस का?” म्हणणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. रेल्वेच्या डब्यात आपण बिनदिक्कत खालचा बर्थ मागतो, कारण तिथे खालचा-वरचा एकाच भाड्याचा असतो. विमानात प्रत्येक खुर्चीला वेगळं लेबल आहे. तो नाही म्हणाला तर विषय संपला. आणि आधी त्याच्या जागेवर ठाण मांडून मग बोलणी सुरू करणाऱ्या काकूंबद्दल मी काही बोलत नाही, त्यांतल्या एक आमच्या नात्यात आहेत. विमान अर्धं रिकामं दिसलं तरी क्रूला विचारल्याशिवाय उठून बसू नये, विशेषतः छोट्या एटीआरमध्ये. वजन पुढे-मागे कसं वाटलंय, याचा हिशेब उड्डाणाआधी झालेला असतो.

६. तान्ही बाळं असतील तर गणित वेगळं. नणंद आणि तिची जाऊ, दोघींच्या मांडीवर बाळ, आणि दोघींना खेटून बसायचं होतं. क्रूने नकार दिला तेव्हा दोघींचं तोंड पडलं. पण एअरबस ए३२० सारख्या विमानात तीन सीटच्या वर साधारणपणे ऑक्सिजनचे चार मास्क असतात. तीन मोठी माणसं आणि एक बाळ, इथे हिशेब संपतो. मधल्या वाटेच्या अल्याड-पल्याड, सी आणि डीवर बसावं. बोलताही येतं आणि बाटलीही देता येते.

७. ऐसपैस पाय पसरता येतात म्हणून आणीबाणीच्या दाराजवळची रांग आजीआजोबांसाठी घेऊ नये. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई यांना तिथून उठवतात.

८. वेगळं बसायचं ठरलंच, तर सामानाचीही वाटणी आत शिरण्याआधी करावी. सासूबाईंच्या गोळ्या, चष्मा आणि बोर्डिंग पास त्यांच्याच पर्समध्ये. माझ्या बॅगेत नाही, कारण ती बॅग जागा मिळेल तिथे, भलत्याच रांगेच्या वर जाते. मुलांकडे फोन आणि पाणी. व्हीलचेअर मागवली असेल तर ती माणसं सगळ्यांत शेवटी उतरतात, तेव्हा त्यांच्या सोबतीच्याने जागेवरच बसून राहावं. बाकीच्यांनी दारात गर्दी न करता थेट सामानाच्या पट्ट्यापाशी जाऊन ट्रॉली धरावी. आमच्याकडे हे काम ह्यांचं, जागे झाले असतील तर.