रिशार आणि बेलिव्हो : मोठेपणाची दोन मापे

खेळाडूचे मोठेपण कशाने मोजावे, हा क्रीडारसिकांतला जुना वाद आहे. दोन खेळाडू वेगवेगळ्या संघांतले असले की हा वाद आवडीनिवडीवर जातो. एकाच संघातले असले की निवाडा अधिक कठीण होतो. कॅनडातील माँट्रियल कॅनेडियन्स या बर्फावरील हॉकी संघाचे मॉरिस रिशार आणि झाँ बेलिव्हो हे असेच दोघे. प्रस्तुत लेखात मी त्यांचाच विचार करणार आहे.

हा खेळ आपल्या हॉकीहून वेगळा. पात्यांचे बूट घालून बर्फावर घसरत जायचे आणि चेंडूऐवजी रबराची चकती काठीने मारायची. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. गोल करणाऱ्यास एक गुण मिळतो, तसाच चकती पुरवणाऱ्या सहकाऱ्यासही मिळतो. हा नियम लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

प्रथम आकडे पाहू. रिशार १९४२ ते १९६० या काळात साखळीतील ९७८ सामने खेळला व त्याने ५४४ गोल केले. बेलिव्होने १९७१ पर्यंत १,१२५ सामन्यांत ५०७ गोल केले. म्हणजे शंभर सामन्यांमागे रिशारचे सुमारे ५६ गोल, तर बेलिव्होचे ४५. परंतु एकूण गुण पाहिले, तर रिशारचे ९६५ आणि बेलिव्होचे १,२१९; शंभर सामन्यांमागे अनुक्रमे सुमारे ९९ व १०८. माप बदलताच निकाल उलटतो!

रिशारने १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांच्या हंगामात ५० गोल केले. युद्धामुळे अनेक चांगले खेळाडू सैन्यात होते, असा आक्षेप यावर घेतला जातो. तथापि युद्ध संपल्यावर, १९४६-४७ मध्येही त्याने ४५ गोल करून अग्रस्थान मिळवलेच. बेलिव्होचा प्रभाव वेगळ्या प्रकारचा. नोव्हेंबर १९५५ मध्ये प्रतिपक्षाचे खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना त्याने ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढे नियमच बदलला : किरकोळ शिक्षा झालेल्या खेळाडूला, विरुद्ध बाजूने गोल करताच, परत येण्याची मुभा मिळाली.

पण रिशारचे महत्त्व केवळ क्रीडांगणापुरते नव्हते. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच भाषिक, तर व्यापार-उद्योगाच्या नाड्या इंग्रजी भाषिकांच्या हाती. मार्च १९५५ मध्ये रेषापंचावर हात उगारल्याबद्दल लीगचे अध्यक्ष क्लेरन्स कँपबेल यांनी रिशारला उर्वरित हंगामातून वगळले. १७ मार्चला माँट्रियलमध्ये दंगल उसळली. लोकांना तो आपल्या समाजाचाच अपमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी रिशारनेच नभोवाणीवरून शांततेचे आवाहन केले. २००० साली तो वारला, तेव्हा प्रांताने त्याला शासकीय इतमामाने निरोप दिला.

बेलिव्होही फ्रेंच भाषिकच. पण त्याचा स्वभाव शांत, वागणे मार्दवाचे. रिशारच्या नावावर आठ स्टॅन्ले चषक आहेत, बेलिव्होच्या नावावर दहा. त्यांपैकी १९५६ ते १९६० चे सलग पाच दोघांनी मिळून जिंकले. उरलेले पाच बेलिव्होने कर्णधार या नात्याने, रिशारच्या निवृत्तीनंतर मिळवले.

मग श्रेष्ठ कोण? माझ्या मते हॉकी हा सांघिक खेळ आहे, हे मान्य केले की खेळाडू म्हणून बेलिव्होला किंचित झुकते माप द्यावे लागते. कारण तो स्वतः गोल करी आणि सहकाऱ्यांकडूनही करवून घेई. परंतु एका समाजाला ताठ मानेने उभे राहण्याचे बळ रिशारने दिले. त्याची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात होत नाही. म्हणून तुलना करणाऱ्याने आधी आपले माप कोणते, हे सांगावे आणि मगच निकाल द्यावा.