'हॉटेल कॅलिफोर्निया' : एका गाण्यात अख्खा सिलॅबस

होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी गिटार कपाटावर धूळ खात पडलेली असते. मालक फर्स्ट इयरला मोठ्या हौसेने ती घेऊन येतो, दिवाळीपर्यंत चार कॉर्ड शिकतो, मग बॅरे कॉर्ड काही केल्या वाजत नाही, तेवढ्यात सबमिशन येतं आणि खेळ खलास. माझंही तेच झालं होतं. दहा गाणी अर्धी-अर्धी शिकण्याचा नाद सोडून एकच गाणं सहा महिने धरून बसलो, तेव्हा कुठे हात वळायला लागला. ते गाणं म्हणजे ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. "कित्ती वेळा ऐकायचं तेच तेच!" असं म्हणणाऱ्यांनी पान उलटायला हरकत नाही.

हा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला. चाल मूळ डॉन फेल्डरची. त्याने घरी टेपवर तिचा कच्चा डेमो केला होता आणि बँडमध्ये तिचं कामचलाऊ नाव होतं 'मेक्सिकन रेगे'. हे नाव लक्षात ठेवा, उजव्या हाताचं अर्धं काम त्यात आहे.

आधी डावा हात. गाणं बी मायनरमध्ये आहे. कॉर्ड आठ, प्रत्येकाला एक बार : बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि परत एफ शार्प सेव्हन. नवशिक्याला पहिल्याच दोन कॉर्डला घाम फुटतो, कारण दोन्ही बॅरे. पण मूळ रेकॉर्डिंगमधली बारा तारांची गिटार सातव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवलेली आहे. तसं केलंत की हेच कॉर्ड ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन या आकारांत येतात. बॅरे गायब! कॅपो नसेल तर पेन्सिल आणि रबरबँड घट्ट बांधून वेळ मारून नेता येते, फक्त नंतर तारा पुन्हा सुरात लावून घ्या.

आता सातवाच फ्रेट का, हे आपल्यासारख्यांना गणिताने कळतं. प्रत्येक फ्रेटला फ्रीक्वेन्सी दोनच्या बाराव्या मुळाने गुणली जाते. सात वेळा गुणा, १.४९८ येतं, म्हणजे जवळजवळ दीडपट. तार दोन-तृतीयांश उरते. सा वरून प वर गेलो, बस्स.

खरी गंमत पुढे आहे. हे आठ कॉर्ड असे अंगावर का येतात? बी मायनरच्या स्केलमध्ये ना ए शार्प बसतो, ना जी शार्प. तरी दोन्ही आत घुसलेत. कॅपो काढा आणि फक्त पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर हे फ्रेट वाजवा : ७, ६, ५, ४, ३, २, मग मोकळी तार, मग पुन्हा २. एका फ्रेटला एक बार. खाली मित्राला कॉर्ड धरायला सांगा. प्रत्येक सूर त्या त्या कॉर्डमध्ये बरोब्बर बसतो! बी ला सा मानलं तर ही ओळ होते सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, म, प. एकेक पायरी जिना उतरत गेल्यासारखी. हे मला कळलं त्या दिवशी मी मेसला जायचं विसरलो. टॅबचा प्रिंटआउट समोर ठेवून वर्षभर वाजवत होतो, पण बोट कुठे ठेवायचं एवढंच त्यातून कळत होतं. का ठेवायचं, ते नाही.

उजवा हात : लय मिनिटाला साधारण ७५ ठोक्यांची, म्हणजे निवांत. इथेच सगळे पळतात. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वजन द्या, मधले स्ट्रोक डाव्या हाताची पकड सैल करून दाबून टाका. तोच तो रेगे. स्ट्रोक चुकला तरी हात थांबवायचा नाही, वर-खाली चालूच ठेवायचा.

शेवटची दोन मिनिटं सोलो. आधी फेल्डर, मग जो वॉल्श, मग दोघांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण. रेकॉर्डिंगच्या वेळी डॉन हेन्लीला सोलो डेमोतल्यासारखाच हवा होता आणि फेल्डर तो विसरला होता! शेवटी घरी फोन करून कामवाल्या बाईंना कॅसेट लावायला सांगितली आणि फोनवर ऐकून तो पुन्हा बसवला, असं तो स्वतः सांगतो. तेव्हा तुम्ही विसरलात तर लाजू नका.

सोलोसाठी बी मायनर पेंटाटॉनिक सातव्या फ्रेटपाशी घोटा. सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपल्या धानी रागाचेच. त्यात बेंड महत्त्वाचा. तिसऱ्या तारेचा अकरावा फ्रेट वाजवून सूर कानात घ्या, मग नवव्यावर बोट ठेवून तार ढकलत त्याच सुरापर्यंत न्या. सितारवाले मींड घेतात तेच. एक पूर्ण स्वर चढवायला तारेचा ताण २६ टक्के वाढवावा लागतो (फ्रीक्वेन्सी ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, फर्स्ट इयर फिजिक्स!), म्हणून एका बोटाने जमत नाही. मागे दोन बोटं टेकवा आणि मनगट फिरवा. आणि एफ शार्पच्या बारमध्ये नुसत्या पेंटाटॉनिकवर विसंबू नका, तिथे कोमल नी खुपतो. दुसऱ्या तारेच्या अकराव्या फ्रेटवर शुद्ध नी आहे, तो घ्या.

शेवटची जुगलबंदी रूम पार्टनरबरोबर करायची. हे मूळ वाजवणं जसंच्या तसं नाही, सरावापुरतं सोपं रूप आहे. पहिल्या तीन तारा, बारीक तारेपासून : एकाने ७-७-७, दुसऱ्याने १०-१२-११. पुढचा बार, पहिला ६-७-६, दुसरा ९-११-११. मग ५-५-६ आणि ९-१०-९. एकेक तार सुटी छेडायची, एकदम नाही. पहिल्याच्या बारीक तारेवर तोच जिना उतरतोय, दिसला ना? पुढचे बार त्यावरून स्वतः शोधा.

आणि रात्री अकरानंतर वाजवायचं असेल तर ब्रिजजवळ तारांखाली घडी करून रुमाल सरकवा. शेजारच्या खोलीत कुणाची तरी के.टी. असतेच.