कटाचं पाणी फेकू नकोस

तुझे सासरे आता बेंगळुरूला कायमचे राहायला आलेत, म्हणून सांगते. त्यांच्या औषधांच्या डब्यात 'पाण्याची गोळी' आहे का, ते आधी बघ. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड, यांपैकी एखादं नाव असेल. कधी ते रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाला शेपटासारखं जोडलेलं असतं, चटकन दिसत नाही. ही गोळी लघवीवाटे जादा पाणी काढते, आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही निघून जातं.

तुझ्या काकांचं तेच झालं. गोळी चालू, त्यात तीन दिवस जुलाब. रात्री पायात गोळे येत होते, मी तेल चोळत होते. चौथ्या दिवशी मल्लेश्वरमच्या आमच्या जिन्यात ते मध्येच खाली बसले. म्हणाले, मांड्या ऐकत नाहीत गं. रक्तात पोटॅशियम 2.7 निघालं, हवं असतं 3.5 ते 5. डॉक्टरांनी आधी इसीजी काढला, कारण हा क्षार घसरला की हृदयाचे ठोके बिघडतात. पायाचे गोळे निदान ओरडून सांगतात, हृदय तेवढंही सांगत नाही.

आणि मी त्यांना काय पाजत होते? मीठ-साखरेचं पाणी! त्यात पोटॅशियम नावालाही नसतं. ओआरएसच्या पुडीत असतं, लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. ती पुडी पेल्यात अर्धी-अर्धी घालू नकोस, एकदम लिटरभर पाण्यात कालव. शहाळं इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, मद्दूरकडून येतं, 'एळनीर' म्हटलं की लगेच फोडून देतात. त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. म्हणून जुलाबात नुसत्या शहाळ्यावर राहू नये. केळ्याचंही तसंच. इथली येलक्की गोड खरी, पण चिमुकली. एका केळ्याने काय होणार?

आता स्वयंपाकाचं. पालेभाजी, बटाटा उकडून पाणी ओतून दिलंस तर पोटॅशियम मोरीत गेलं. इथल्या बायका 'बस्सारू' करतात: भाजी-डाळ शिजवून निथळलेल्या पाण्याचंच सार, बाजूला भाजी. आपली कटाची आमटी दुसरं काय आहे? पुरणाच्या दिवशीच कशाला, एरवीही ते पाणी आमटीत घाल. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर उलटं होतं, पोटॅशियम साचतं, आणि तेही हृदयाला तितकंच वाईट. तशा माणसाला शहाळं, कट, बाजारातलं 'कमी सोडियमचं मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

खोकल्याला म्हणून ज्येष्ठमधाची कांडी रोज चघळायची सवय असेल तर सोडव. ते पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. पोट साफ करायच्या औषधांचा अतिरेकही नको.

तुझ्या दिरासाठी एक वेगळं सांगते, तो तिशीतला आहे. रात्री लग्नात भात-होळिगे (इथली पुरणपोळी) दाबून खाल्ले, झोपला, आणि पहाटे पायच उचलत नाहीत, असं काही तरुणांना होतं. यात पोटॅशियम शरीराबाहेर जातच नाही. इन्शुलिन ते रक्तातून पेशींमध्ये ढकलतं. मागे थायरॉइड वाढलेलं असू शकतं, ते तपासायला सांगायचं. हात-पाय लुळे पडले, श्वास जड झाला, छातीत धडधडून भोवळ आली, तर केळं सोलत बसू नकोस. 108 ला फोन कर.

डॉक्टरांनी पोटॅशियमचं सायरप दिलं तर पाण्यात मिसळून, जेवणानंतर. चव भयंकर असते, काका अजून तोंड वाकडं करतात. आपल्या मनाने चालू करायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून पाण्याची गोळीही मनानेच बंद करायची नाही. सायरप घेऊनही आकडा वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासायचं का, ते विचार. ते कमी असलं की पोटॅशियम टिकत नाही.

सासऱ्यांचा शेवटचा रिपोर्ट काढून तारीख बघ. गोळी त्यानंतर सुरू झाली असेल, तर या आठवड्यातच रक्त द्यायला घेऊन जा.