छावणीचा जिल्हा आणि गुप्तरोगांचा प्रश्न

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हापासून या शहराचे आणि लष्कराचे नाते अखंड राहिले आहे. भिंगारची छावणी, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि १९७९ मध्ये स्थापन झालेले यांत्रिक पायदळाचे केंद्र ही आजच्या अहिल्यानगरची ओळखच होय. गावोगावी सेवेतील जवान व माजी सैनिक आहेत. म्हणूनच सैनिकांच्या आरोग्याचा एक नाजूक प्रश्न येथील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न जुना आहे. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगविषयक कायदा यांन्वये छावणीलगतच्या वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोग आढळल्यास रुग्णालयात डांबून ठेवणे असा क्रम होता. १८६८ चा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. तो अमलात असतानाही रोग हटला नव्हता आणि १८९५ च्या सुमारास हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांत गुप्तरोगामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजारी पाचशेहून अधिक झाले. सगळा भार स्त्रीवर टाकायचा आणि पुरुषाकडे पाहायचे नाही, हा त्या व्यवस्थेतील दोष आपल्या विचारातून अजून पुरता गेलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचा प्रथम शोध लागला आणि या प्रश्नाचे स्वरूप पालटले. गर्मी किंवा परमा झालेल्या व्यक्तीस एचआयव्हीची बाधा अधिक सहजतेने होते. व्रणामुळे त्वचेचे कवच तुटते आणि ज्या पेशींत हा विषाणू शिरतो, त्या पेशी नेमक्या त्याच जागी गोळा होतात. उलटपक्षी, एचआयव्हीबाधिताने औषधे घेतली नाहीत आणि त्याला गुप्तरोग जडला, तर त्याच्यापासून जोडीदारास होणारा धोका वाढतो.

आता मुख्य मुद्दा. शासनाने १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. ही औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली ठेवले, तर संभोगातून एचआयव्ही पसरत नाही. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ती औषधे गर्मी वा परमा रोखत नाहीत. ‘माझा रिपोर्ट चांगला आहे’ असे म्हणणाऱ्या जवानास निरोधाची आणि व्हीडीआरएल तपासणीची गरज उरतेच. गर्मीचा पहिला व्रण दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोगी निश्चिंत होतो, रोग मात्र शरीरात राहतो. एचआयव्ही असल्यास तो डोळ्यांपर्यंत व मज्जासंस्थेपर्यंत लवकर पोचू शकतो. वास्तविक, आरंभीच्या अवस्थेत चोवीस लाख युनिट बेन्झाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते!

मग अडते कोठे? एचआयव्ही आढळला म्हणून जवानास सैन्यातून लगेच काढले जात नाही. त्याची वैद्यकीय श्रेणी बदलते आणि लष्करी रुग्णालयात उपचार सुरू होतात. तरीही नव्या गुप्तरोगाची नोंद होईल, वरिष्ठांस कळेल, या भीतीने रजेवर आलेला एखादा जवान गावातल्या भोंदू वैद्याकडे जातो आणि अर्धवट उपचार घेऊन परततो. पत्नीला काहीच सांगितले जात नाही. तिच्यावर उपचार झाले नाहीत, तर बरा झालेला पती पुढील रजेत पुन्हा बाधित होतो. गरोदर स्त्रीची गर्मी गर्भालाही जडते; अर्भक मृत जन्मण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक गरोदर मातेची एचआयव्ही व गर्मीची तपासणी झाली की नाही, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. मात्र निष्कर्ष विचारू नये. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधिताविषयीची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले असून भेदभावास मनाई केली आहे. बाधित पाल्याला शाळेत वेगळे बसविणे हाही भेदभावच.

जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आहे आणि गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा’ क्लिनिकही आहे. पती व पत्नी दोघांनीही तेथे जावे. माजी सैनिकांस त्यांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्येही सल्ला मिळतो. ज्याला कोठेच तोंड दाखवावेसे वाटत नाही, त्याने १०९७ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा. तेथे नाव सांगावे लागत नाही.