बेपत्ता आणि बंदी

रणांगणावर मरण आल्याची वार्ता दारुण खरी. पण तिच्यामागून सुतक येतें, तें फिटतें, आणि घर पुन्हां कामाला लागतें. ‘बेपत्ता’ अशी तार आलेल्या घरानें मात्र सुतक पाळावें कीं वाट पाहावी, हें त्यास कोणीच सांगूं शकत नाहीं.

धुळें-जळगांवकडील वाचकांस २०१६ सालची गोष्ट आठवत असेल. धुळें तालुक्यांतील बोरविहीर गांवचा जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबर रोजीं काश्मिरांत ताबारेषेपलीकडे गेला. ती बातमी ऐकून त्याच्या आजीनें प्राण सोडला. पुढें तो आपल्या ताब्यांत असल्याचें पाकिस्ताननें मान्य केलें, आणि २१ जानेवारी २०१७ रोजीं तो वाघा सीमेवरून स्वदेशीं परतला. ‘हा माणूस आमच्याकडे आहे’ या कबुलीनेंच त्याचा मार्ग मोकळा झाला, हें ध्यानांत ठेवावें.

१९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराचें मर्म हेंच आहे. युद्धकैद्यानें आपलें नांव, हुद्दा, जन्मतारीख व क्रमांक एवढेंच सांगावें. पकडणाऱ्या सरकारनें तें नांव कळवावें. लढाई थांबतांच विनाविलंब त्यास सोडावें. यांतील पहिली पायरी नांवाची. ती चुकली कीं पुढच्या पायऱ्या निरर्थक होतात.

१९७१ च्या युद्धांत असेंच झालें. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबरांत विमानासह शत्रुप्रदेशांत नाहींसे झाले. त्याच महिन्यांत डाक्क्याच्या एका वृत्तपत्रानें पकडलेल्या वैमानिकांचीं जीं नांवें छापलीं, त्यांत ‘तांबे’ या नांवाशीं जुळणारें एक नांव होतें. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या. त्यांनीं पुनर्विवाह केला नाहीं. शोध सोडला नाहीं.

१९७९ सालीं अशा ४० जणांची यादी लोकसभेंत मांडण्यांत आली. पुढें हा आंकडा ५४ वर गेला. आमच्याकडे असा एकही बंदी नाहीं, असें पाकिस्तान सांगत आलें. २००७ सालीं १४ नातलग तेथील तुरुंग पाहून आले, त्यांत दमयंतीबाईही होत्या. कोणी सांपडलें नाहीं.

येथें वादाचीं दोन अंगें आहेत. कुटुंबीय विचारतात, सैनिक व नागरिक मिळून सुमारें ९३,००० पाकिस्तानी बंदी आपल्या हातीं होते. आपले सर्व लोक मिळण्यापूर्वीं ते सोडले कसे? दुसरा पक्ष म्हणतो, यांपैकीं कित्येक विमानासह त्याच क्षणीं पडले असतील. शिवाय कैद्यांस ओलीस ठेवणें करारास मान्य नाहीं. आमच्या मतें दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही त्यानें पहिल्याचा प्रश्न मिटत नाहीं. कैदी अडवून ठेवूं नयेत हें खरें, पण यादी मागण्याचें काम कोणत्याही करारानें अडविलेलें नव्हतें. तें बंदी परत जाण्यापूर्वीं, साक्षीदार व कागद ताजे असतांना, नांवागणिक व्हावयास हवें होतें. यादी संसदेपुढें आली तेव्हां युद्ध संपून सात वर्षें लोटलीं होतीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरचे कोणी सैन्यांत असतील. हीं माणसें अद्याप जिवंत आहेत असें पुराव्यावांचून म्हणणें हें त्यांच्या घरच्यांस फसविणें होय. आणि पुराव्यावांचून त्यांस मृत म्हणणें हें त्यांस दुसऱ्यांदा टाकून देणें होय. या दोहोंच्या मधोमध उभें राहून, उत्तर मिळेपर्यंत एकेक नांव घेऊन विचारीत राहणें, हेंच राष्ट्राचें कर्तव्य आहे.