कोड हातचा सोडू नकोस

सोनू, ऑफर लेटर आलं, काकूने पेढे वाटले, हिंजवडीतलं पीजीही ठरलं. पगाराचं तुला सगळेच सांगतील. मी कामाचं सांगते.

सुरुवातीला तू नवीन काही फारसं लिहिणारच नाहीस, दुसऱ्याचं वाचशील. ज्याने लिहिलं तो केव्हाच कंपनी सोडून गेलेला, आणि त्या कोडला हात लावायला कुणी धजत नाही. कंटाळू नकोस गं. आता एआय पटापट कोड लिहून देतो, पण तो बरोबर आहे का हे ओळखायला वाचताच यावं लागतं.

आमच्याकडे मध्ये एक तक्रार आली. नव्या फॉर्ममधून नोंदणी केलेल्यांची जन्मतारीख एक दिवस मागे जात होती. त्यात १ जूनवाल्यांचा भरणा जास्त. शाळेत नाव घालताना गुरुजींनी किती जणांची १ जून मांडलीय, तुला ठाऊकच आहे. आपले नानाही त्यातलेच. या सगळ्यांची ३१ मे दिसायची. आधी सगळ्यांनी डेटाबेसला दोष दिला. मी आणि टीममधली एक मुलगी दुपारभर लॉग चाळत बसलो, तेव्हा उलगडलं. फॉर्म तारखेला गुपचूप वेळ चिकटवत होता, १ जून लागतानाचे रात्रीचे बारा, भारतीय वेळेने. सर्व्हर ती यूटीसीत साठवायचा, म्हणजे साडेपाच तास मागे. झाले ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा! पुढे वेळ गळून पडायची आणि चुकीची तारीख तेवढी उरायची. जन्मतारखेला वेळ जोडायचीच नाही, एवढाच बदल, दोन ओळींचा. पण ते सापडलं तेव्हा आम्ही दोघी खुर्चीतून उठून उभ्या राहिलो. पगार जमा झाल्याच्या मेसेजने असं कधी होत नाही. हे सुख तुला पुन्हा पुन्हा मिळावं, असं मला फार वाटतं.

त्रास आहेतच. ऑन-कॉलच्या आठवड्यात झोपेचं खोबरं होतं. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे जातात आणि आपले रात्रीचे कॉल आणखी तासभर लांबतात. पाठ, डोळे सांभाळ. हे सगळं निभतं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कुणीतरी गोड बोलून म्हणेल, ‘तुझं बोलणं छान आहे, क्लायंटचे कॉल तूच घे. मीटिंगचे मुद्दे लिही. एक्सेल तेवढी भरून ठेव.’ मुलींनाच सांगतात हे, आणि कौतुकाने सांगतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. वर्ष-दोन वर्षांत लक्षात येतं की कोड सुटला. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, पण परतल्यावर ‘तुला हलकं काम देतो’ म्हणतात. माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या चांगल्या मुली अशा बाजूला पडल्या. टेस्टिंग, मॅनेजमेंट तुला मनापासून आवडलं तर जरूर कर, त्यात कमीपणा नाही. पण निवड तुझी असू दे. दर अप्रेझलला मॅनेजरला स्पष्ट विचार, ‘पुढच्या सहा महिन्यांत कोणतं मॉड्यूल माझं?’ उत्तर मेलवर माग.

आणि पहिल्या कोड रिव्ह्यूत ढीगभर शेरे येतील. एकेक वाच, पटला नाही तर का ते विचार. शेरा कोडवर असेल तर शिकून घे. तुझ्यावर असेल तर रडत बसू नकोस, स्क्रीनशॉट काढ आणि मला फोन कर.