सावळा चेहरा आणि कृष्णधवल फिल्म

वर्गाचे छायाचित्र छापून आले की प्रत्येक विद्यार्थी प्रथम आपला चेहरा शोधतो. पांढरे सदरे स्वच्छ उमटलेले असतात; त्यांच्यावर भिल्ल व कोकणा मुलांचे चेहरे मात्र पुष्कळदा शाईच्या डागांसारखे दिसतात. “सर, मी खरेच असा दिसतो का?” असे एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते. दोष त्याच्या वर्णाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

फिल्मवरील चांदीच्या क्षारांस मुळात निळा व जांभळा प्रकाशच काय तो दिसतो. त्यांस रंगद्रव्याच्या योगे हिरवाही दिसू लागला, ती ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. तांबडाही दिसू लागला, ती पँक्रोमॅटिक. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, त्या काळी चित्रपटांची फिल्म तांबड्या रंगास आंधळीच असे. आपल्या त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबडा अंश मोठा असतो. त्यामुळे ऑर्थोवर सावळा चेहरा अधिकच काळवंडतो, आणि कपाळीचे कुंकू तर काळे ठिक्कर उमटते. वृद्धांच्या सुरकुत्या तीवर ठसठशीत येतात हे खरे. तरी आमच्या मुलांसाठी पँक्रोमॅटिकच घ्यावी. १२५ वेगाच्या फिल्मचे कण बारीक असतात, पण मुले स्थिर बसत नाहीत. यास्तव ओसरीच्या सावलीत ४०० वेगाची बरी.

आता प्रकाशमापकाविषयी. समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे हे यंत्र मानते. पांढऱ्या सदऱ्यांची रांग पाहून ते फसते व प्रकाश कमी द्यावयास सांगते. म्हणून मापक सर्वांत सावळ्या चेहऱ्याजवळ न्यावा, आणि तो सांगेल तितका प्रकाश द्यावा. ज्या चेहऱ्यास प्रकाशच पुरला नाही, तो डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवला तरी उजळत नाही. सदरा तेवढा अधिक पांढरा होतो. प्रकाश सढळ द्यावा व डेव्हलपिंगचा वेळ एक पंचमांश घटवावा, म्हणजे चेहरा आणि सदरा दोन्ही सांभाळले जातात.

डेव्हलपर म्हणून आम्ही डी-७६ वापरतो. एक लिटर पाण्यास मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने विरघळवावे. मेटॉलने कित्येकांच्या हातांस खाज सुटते, तेव्हा हातमोजे घालावेत. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला २० अंश सेल्सियस उष्णतेवर साडेसात मिनिटे लागतात. वरील हिशेबाने सहा पुरेत. फिल्म डब्यात भरताना पूर्ण अंधार हवा. जुन्या छायाचित्रकारांचा तांबडा दिवा येथे घात करतो.

पिंपळनेरास खरी अडचण पाण्याची आहे. ते पुरेसे नसते असे नव्हे, तापलेले असते. उन्हाळ्यात डेव्हलपर व हायपोच्या बाटल्या माठाच्या पाण्यात ठेवाव्यात, थोडे बर्फ मिळाल्यास बाहेरच्या पाण्यात टाकावे, आणि शेवटचे धुण्याचे पाणीही तितकेच थंड असावे. हे शेवटचे आम्ही एकदा वैशाखात विसरलो. एका विद्यार्थ्याच्या आजीचे चित्र होते. थंड हायपोतून काढलेली फिल्म आम्ही सरळ गच्चीवरील टाकीच्या पाण्यात धुतली, आणि जिलेटिन आक्रसून सबंध चेहऱ्यावर बारीक जाळी उमटली. पुन्हा काढू म्हणालो. पण त्याच पावसाळ्यात आजी वारली. तिचे दुसरे छायाचित्र नव्हते. त्या घरी भिंतीवर आज तीच जाळीदार प्रत टांगलेली आहे.